डोंगरउतारावरील युर्टमधील मुक्काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेळघाटात, चिखलदऱ्याच्या पठाराखालच्या एका उतारावर आमचे हे छोटे निवासस्थान आहे. नोंदणीपूर्वी पाहुणे दूरध्वनीवर जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. आजकाल अशा मुक्कामाला ‘ग्लॅम्पिंग’, म्हणजे सुखसोयींसह तंबूतला मुक्काम, म्हणण्याची पद्धत आहे, परंतु त्या शब्दावरून तारांकित हॉटेलाची अपेक्षा ठेवून कोणी येऊ नये, म्हणून काही उत्तरे मुद्दाम स्पष्ट शब्दांत लिहिली आहेत.

युर्ट म्हणजे नेमके काय? तो तंबूच असतो का?

मध्य आशियातील गवताळ प्रदेशांत मेंढ्या आणि घोडे घेऊन फिरणाऱ्या पशुपालकांचे हे उचलून नेता येणारे गोल घर आहे. तंबूचे कापड दोरांनी आणि खुंट्यांनी ताणून उभे ठेवावे लागते, तर युर्ट स्वतःच्या लाकडी सांगाड्यावर उभा असतो. भिंत म्हणजे आडव्या-तिरप्या पट्ट्यांची, घडी घालता येणारी जाळी. तिच्यावर छपराचे वासे टेकतात आणि त्यांची वरची टोके मधल्या लाकडी चक्रात बसतात. वाशांचा भार भिंतीला बाहेर ढकलत असतो, म्हणून भिंतीच्या वरच्या कडेभोवती एक मजबूत पट्टा आवळलेला असतो. तो सुटला तर सगळे घर पसरून खाली बसेल. किरगिझस्तानच्या राष्ट्रध्वजावर मध्यभागी जे चक्र दिसते ते हेच छपराचे चक्र. मंगोलियातील अशी घरे बांधण्याच्या कारागिरीचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१३ मध्ये आणि किरगिझ व कझाक युर्टच्या कारागिरीचा २०१४ मध्ये समावेश झाला.

थंड आणि कोरड्या मुलखातले हे घर विदर्भात कसे टिकते?

मूळ स्वरूपात ते येथे टिकणार नाही. मूळ युर्टवर नमद्याचे, म्हणजे मेंढीची लोकर दाबून केलेल्या कापडाचे, जाड आवरण असते. ते कोरड्या थंडीत उत्तम काम देते, परंतु सातपुड्यातल्या पावसात पाणी पिऊन जड होते, कुबट वास धरते आणि शेवटी कुजते. म्हणून आमच्या युर्टचे बाहेरचे आवरण जाड सुती कॅनव्हासचे आहे आणि त्याच्या आत सुती अस्तर आहे. हिवाळ्यात या दोहोंच्या मध्ये घोंगड्या बांधतो. भिंतीची जाळी बांबूच्या पट्ट्यांची असून त्या बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून घेतलेल्या आहेत, कारण कच्च्या बांबूला येथे भुंगा फार लवकर लागतो आणि रात्री शांततेत तो पोखरत असल्याचा आवाज व खाली पडणारे पिवळे पीठ यांनी पाहुणे हैराण होतात.

प्रत्येक युर्ट काळ्या दगडाच्या दोन फूट उंच जोत्यावर आहे आणि उताराच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारी चर खणलेली आहे. मंगोलियात दार दक्षिणेकडे ठेवण्याची रीत आहे. येथे पावसाचे वारे नैऋत्येकडून येत असल्याने आमची दारे त्यांच्याकडे पाठ करून ईशान्येला उघडतात. मधले चक्र पारदर्शक घुमटाने झाकलेले आहे, त्यामुळे दिवसा दिवा लावावा लागत नाही आणि पहाटे लवकर जाग येते. उशिरापर्यंत झोपण्याची सवय असलेल्यांनी डोळ्यांवर बांधायची पट्टी आणावी.

वादळात युर्ट उडून जाणार नाही ना?

गोल घराला वाऱ्याला अडवणारी सपाट बाजू नसते, त्यामुळे वारा त्याच्याभोवतीने वळून जातो. तरीही फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि एप्रिल-मेमधील वळवाच्या वावटळी आम्ही हलक्यात घेत नाही. सांगाडा जोत्यात बसवलेल्या लोखंडी कड्यांना बांधलेला आहे. पावसाची लक्षणे दिसताच आमचा माणूस बाहेरून फिरून कॅनव्हासचे सुती दोर थोडे सैल करतो. पाऊस येणार असताना दोर ढिले करणे पाहुण्यांना उलटे वाटते. परंतु सुती दोर भिजला की आखडतो, आणि आधीच ताणलेला असेल तर कापडाचे काजे फाडतो.

पाऊस सुरू असताना आतून कॅनव्हासला हात किंवा बॅग टेकवू नये. ओल्या सुती कापडाला जेथे आतून स्पर्श होतो, तेथूनच पाणी झिरपू लागते आणि मग ती धार पाऊस थांबेपर्यंत थांबत नाही.

कोणत्या महिन्यात यावे?

आमचे मत विचाराल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. हवा कोरडी असते, दिवसा ऊन अंगावर घ्यावेसे वाटते आणि पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो. याच दिवसांत वरुड-मोर्शीकडची आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात, तुरीच्या ओल्या शेंगा मिळतात आणि वांगी भरताजोगी झालेली असतात. ऑक्टोबरमध्ये डोंगर हिरवा असतो आणि गर्दी ओसरलेली असते, परंतु गवत उंच वाढलेले असल्याने पायवाटांवर सावध राहावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये जंगल उघडे पडते, पळस फुलतो, मोह गळू लागतो. पक्षी पाहणाऱ्यांसाठी हा काळ उत्तम असला तरी दुपारी बाहेर पडण्याचा उत्साह राहत नाही.

पावसाळ्यात तर चिखलदरा सर्वांत सुंदर दिसतो. तेव्हाच आपण बंद का ठेवता?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत युर्ट उतरवून ठेवलेले असतात. दरीतून वर येणारे धुके आणि धबधबे पाहण्यासाठी त्या महिन्यांत अवघा वऱ्हाड लोटतो, हे आम्हालाही दिसते आणि त्या गर्दीचे उत्पन्न हातचे जाते हेही कळते. परंतु सलग आठ-दहा दिवस ऊन पडले नाही की सुती कापड वाळत नाही, त्यावर काळी बुरशी चढते, गाद्या दमट होतात आणि दमा असणाऱ्या माणसाला अशा खोलीत झोपवणे योग्य नव्हे. पावसाळ्यातला चिखलदरा पाहायचाच असेल तर गावातील पक्क्या इमारतीत राहावे आणि शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दोन दिवसांत घाटातील वाहनांची रांग हेच मुख्य दृश्य असते.

उन्हाळ्यात आत उकडत नाही का? वातानुकूलन आहे का?

वातानुकूलन नाही आणि कापडी भिंतींच्या घरात ते बसवणे म्हणजे वीज वाया घालवणे होय. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि अमरावती साडेतीनशे मीटरच्या आसपास. उंचीतील या फरकामुळे खाली पारा ४४-४५ अंशांवर असताना येथे तो साधारण पाच अंशांनी कमी असतो. रात्री बहुधा सुखाच्या जातात. दुपारी बारा ते चार या वेळेत मात्र उन्हाने तापलेल्या कॅनव्हासखाली बाहेरपेक्षाही अधिक उकडते. त्यावर उपाय मध्य आशियातलाच आहे: भिंतीच्या आवरणाची खालची कड गुडघ्यापर्यंत गुंडाळून वर बांधायची आणि मधल्या चक्रावरचा घुमट उचलून ठेवायचा, म्हणजे खालून गार हवा आत येते आणि वरून गरम हवा निघून जाते. तरीही त्या चार तासांत जांभळीखालच्या बाजांवर पडून राहणेच शहाणपणाचे ठरते. ज्यांच्यासोबत लहान बाळ आहे त्यांनी मे महिन्यात येऊ नये, असे आम्ही सांगतो.

हिवाळ्यात आत शेगडी किंवा हीटर मिळेल का?

शेगडी कोणत्याही परिस्थितीत मिळणार नाही. कोळशाच्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. मूळ युर्टमध्ये चूल असते हे खरे, परंतु तिचा धूर मधल्या चक्रातून बाहेर काढणारे धुराडे आणि चुलीकडे पाहणारी अनुभवी माणसे तेथे असतात. आम्ही प्रत्येक खाटेवर दोन रजया, एक घोंगडी आणि झोपण्यापूर्वी गरम पाण्याची रबरी पिशवी देतो. कानटोपी आणि पायमोजे आपले आपण आणावेत.

युर्टमध्ये कोणत्या सोयी आहेत?

एका युर्टचा व्यास १८ फूट, म्हणजे आतील जागा सुमारे अडीचशे चौरस फूट आहे. दोन मोठ्या किंवा चार एकेरी खाटा, मच्छरदाण्या, एक लाकडी पेटी, दोन खुर्च्या, पाण्याचा माठ आणि सौर ऊर्जेवर चालणारे दिवे एवढेच सामान आहे. दूरदर्शन संच नाही. कपडे टांगण्यासाठी जाळीत आकडे अडकवलेले आहेत. वाशांवर ओले कपडे वाळत घालू नयेत.

शौचालय आणि स्नानगृह आत आहे का?

नाही. ती दगडी बांधकामाची वेगळी खोली असून युर्टपासून साधारण चाळीस पावलांवर आहे. दोन्ही पद्धतींची शौचकूपे आहेत आणि प्रत्येक युर्टची खोली स्वतंत्र आहे, तिचे कुलूप आपल्याच हाती असते. वाटेवर रात्रभर मंद दिवे असतात, तरीही विजेरी हाती घेऊन आणि बूट घालूनच जावे.

स्नानासाठी तांब्याच्या बंबातील गरम पाणी सकाळी सहा ते नऊ या वेळेत बादलीने मिळते. शॉवर नाही आणि त्याचे कारण जाणून घेण्यासारखे आहे. विदर्भात सर्वाधिक पाऊस ज्या भागात पडतो त्यांपैकी हा एक. असे असूनही काळ्या पाषाणाचा उतार पाणी धरून ठेवत नाही आणि मार्च उलटला की आसपासच्या गावांतील विहिरी तळ गाठतात, काही ठिकाणी टँकरवर अवलंबून राहावे लागते. शेजारच्या पाड्यावरील बाई हंडा घेऊन रांगेत उभी असताना आमच्या पाहुण्यांनी वीस मिनिटे शॉवरखाली उभे राहावे, हे आम्हाला पटत नाही.

जंगली जनावरांची भीती आहे का?

मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे आणि आमचा उतार त्याच जंगलाच्या शेजारी आहे. वाघ दिसण्याची अपेक्षा येथे बसून ठेवू नये. बिबट्या, अस्वल, सांबर आणि रानगवा यांचा वावर मात्र परिसरात असतो. सर्वांत जास्त सावध राहावे ते अस्वलापासून. ते माणसाला पाहून पळण्याऐवजी अंगावर येऊ शकते आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांच्या ओढीने पहाटेच झाडांखाली येते. म्हणून अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत कुंपणाबाहेर जाण्यास सक्त मनाई आहे आणि हा नियम कोणासाठीही शिथिल केला जात नाही.

रोजचा उपद्रव मात्र वानरांचा आहे. युर्टमध्ये केळी, बिस्किटे, चिवडा असे काहीही ठेवू नये. वानर कॅनव्हासवरून आतल्या फळाचा वास घेते, शिवणीत बोटे घालते आणि क्षणभरात हातभर चीर पाडते. खाण्याच्या वस्तूंसाठी स्वयंपाकघराशेजारी जाळीची कपाटे आहेत.

साप-विंचवांचे काय?

डोंगरात साप असणारच. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चारही विषारी साप महाराष्ट्रात आढळतात. त्यांतला मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात दंश करतो आणि त्या दंशाची वेदना अनेकदा जाणवतही नाही. यामुळे आमच्याकडे कोणालाही खाली गादी घालून झोपू दिले जात नाही. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात, बूट सकाळी झटकूनच पायात घालावेत आणि दाराची खालची पट्टी बंद आहे ना हे पाहावे.

दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. माणसाला शांत ठेवून, दंश झालेला अवयव न हलवता तातडीने दवाखान्यात न्यावे. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आणि पायथ्याला अचलपूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेची वाट न पाहता निघण्यासाठी आमचे एक वाहन रात्रभर तयार असते.

जेवणात काय मिळते?

जेवण शाकाहारी आणि वऱ्हाडी पद्धतीचे असते: ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, पातोडीचा रस्सा, कढी-गोळे, आणि भाताऐवजी कधीकधी मेळघाटात पिकणाऱ्या कुटकी या भरडधान्याचा भात. चार किंवा अधिक पाहुणे असतील आणि आदल्या दिवशी सांगितले असेल तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण असा बेत होतो. रोडगा बाहेरून करपलेला दिसतो. फडक्याने राख झटकून, हाताने फोडून त्यात तूप सोडावे लागते, आणि ते काम वाढणाऱ्या मावशी स्वतः करतात, कारण शहरातील पाहुणे तुपाला हात आखडता घेतात. “अजून एक घ्या ना जी” हा आग्रह दोनदा होईल. तिसऱ्यांदा नको म्हटले की त्या मानतात. तिखट आधी सांगितल्यास कमी करता येते. दूध आणि खवा शेजारच्या गवळी कुटुंबांकडून येतो, आणि येथे उतरल्यावर चहात जे दूध लागते ते म्हशीचे, दाट असते.

वीज आणि मोबाइलची सोय कशी आहे?

युर्टमध्ये दिवे आणि मोबाइल चार्ज करण्यासाठी एक जागा, एवढीच वीज आहे. इस्त्री, किटली किंवा केस वाळवण्याचे यंत्र चालणार नाही. मोबाइलला भोजनगृहाच्या ओट्यावर कधी रेंज येते, कधी येत नाही. कार्यालयाचे काम घेऊन येथे येऊ नये.

येथे कसे पोहोचावे?

सोयीचे रेल्वे स्थानक बडनेरा हे मुंबई-हावडा मार्गावर आहे. तेथून अमरावती, परतवाडा असा प्रवास करून घाट चढावा लागतो. परतवाड्याहून दोन रस्ते आहेत, एक धामणगाव गढीमार्गे आणि दुसरा घटांगमार्गे. अमरावती व परतवाडा येथून एसटीची बस चिखलदऱ्याला येते आणि बसस्थानकावरून आम्ही आपल्याला घेऊन येतो. स्वतःचे वाहन असल्यास इंधन परतवाड्यातच भरावे, आणि घाट उतरताना सतत ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरमध्ये यावे. सूर्यास्तापूर्वी पोहोचणे आवश्यक आहे. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता कच्चा असून अंधारात त्यावर जनावर आडवे येते.

परिसरात पाहण्यासारखे काय आहे?

गाविलगड किल्ल्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वऱ्हाडच्या इतिहासात एवढे महत्त्वाचे ठिकाण असूनही तेथे फिरणारे लोक दरवाजापाशी छायाचित्र काढून परततात, याचे वाईट वाटते. आतील तलाव, तटबंदी आणि मशिदीचे अवशेष पाहण्यासाठी पाणी व टोपी घेऊन जावे. भीमकुंड, पंचबोल आणि देवी पॉइंट ही नेहमीची स्थळे आहेतच. ब्रिटिश काळापासून येथे कॉफीची झाडे आहेत, आणि मोथा गावाकडे हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे वाफे पाहायला मिळतात.

पक्षिनिरीक्षकांना रानपिंगळ्याविषयी सांगावे लागत नाही. शतकभराहून अधिक काळ नामशेष मानलेले हे घुबड १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळले आणि त्यानंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. ते दिवसाही वावरते. त्याच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण वाजवून त्याला बोलावण्याचा प्रयत्न आमच्या हद्दीत करू दिला जात नाही.

शेकोटी, संगीत आणि मद्य यांबाबत काय नियम आहेत?

शेकोटी ठरलेल्या खड्ड्यातच आणि आमच्या माणसाच्या देखरेखीखाली पेटवली जाते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत ती पूर्णपणे बंद असते. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची जुनी पद्धत, वाळलेले गवत आणि वारा यांमुळे या काळात वणवे लागतात. त्यात पाहुण्यांच्या ठिणगीची भर नको. ध्वनिवर्धक आणण्यास परवानगी नाही, लहानसाही नाही. मद्यपान करून गोंधळ घालणाऱ्यांना रात्र संपताच निरोप दिला जातो.

होळीच्या सुट्टीत नोंदणी का मिळत नाही?

आमच्याकडे काम करणारे बहुतेक जण कोरकू आदिवासी आहेत आणि होळी हा त्यांचा वर्षातील सर्वांत मोठा सण आहे. त्या दिवसांत ते आपापल्या गावी असतात, आणि तसेच असावे असे आम्हाला वाटते. त्याच सुमारास मेळघाटातून प्रवास करणाऱ्यांना रस्त्यावर गाणी म्हणत वाहने थांबवून फगवा मागणारे गट भेटतील. त्यांना घाबरू नये किंवा त्यांच्याशी हुज्जत घालू नये. सुटे पैसे जवळ ठेवावेत. छायाचित्र घ्यायचे असेल तर आधी विचारावे, आणि हे केवळ होळीपुरते नाही.

वृद्ध, लहान मुले आणि पाळीव कुत्री यांना आणता येईल का?

वाहनतळापासून युर्टपर्यंत दगडी पायऱ्यांचा चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी सर्वांत खालचा युर्ट राखून ठेवता येतो, मात्र तसे नोंदणीच्या वेळी सांगावे. दार कमी उंचीचे असल्याने वाकूनच आत शिरावे लागते. उंबरठ्यावर पाय देऊ नये अशी मंगोलियातही रीत आहे; आपल्याकडे आजी जे सांगत आली तेच तेथेही सांगतात, त्यामुळे मुलांना हा नियम नव्याने शिकवावा लागत नाही. कुत्र्यांना आणू नये. बिबट्यासाठी कुत्रा हे सोपे भक्ष्य असते आणि कापडाची भिंत त्याला अडवू शकत नाही.

गोल घरात वास्तुशास्त्राचे काय?

हा प्रश्न खरोखर येतो. ईशान्य कोपरा शोधणाऱ्यांना एवढेच सांगता येते की या घराला कोपराच नाही. दार मात्र ईशान्येला आहे, त्यावर समाधान मानावे.

नोंदणी आणि ती रद्द करण्याचे नियम काय आहेत?

दर युर्टप्रमाणे आकारला जातो, माणशी नाही. जेवणाचा खर्च वेगळा. सर्व प्रौढांचे छायाचित्र असलेले ओळखपत्र लागते, आणि परदेशी पाहुण्यांची माहिती आम्हाला २४ तासांच्या आत नियमानुसार नोंदवावी लागते, म्हणून त्यांनी पारपत्र व व्हिसा सोबत ठेवावा. मुक्कामाच्या सात दिवस आधी कळवल्यास पूर्ण रक्कम परत मिळते, त्यानंतर निम्मी. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने अमरावती जिल्ह्यासाठी वादळाचा किंवा गारपिटीचा नारिंगी अथवा लाल इशारा दिला असेल तर आम्ही स्वतःहून मुक्काम रद्द करतो. अशा वेळी पाहुणे वाटेत असले तरी त्यांना परतवाड्यातच थांबण्यास सांगितले जाते आणि संपूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात आठ दिवसांत जमा केली जाते.